दिनारकाका

नाशिकच्या इंदिरानगरात माणूस ओळखायचा तो तीन प्रश्नांत. राहतो रथचक्र चौकाच्या अलीकडे की पलीकडे? नोकरी प्रेसमध्ये झाली, मायकोत की एचएएलमध्ये? आणि मुलगा पुण्यात की परदेशात? आमच्या बिल्डिंगमधले दिनारकाका हे तिन्ही पेपर पहिल्या फटक्यात सोडवतात. पलीकडे, प्रेस, म्युनिक. पण त्यांची खरी ओळख या तिन्हींत बसत नाही. काकांच्या घरात सात बायका आहेत. काकू धरल्या तर आठ.

सातही रोमच्या आणि सातही चांदीच्या. आपल्या हल्लीच्या एक रुपयाहून लहान अशी ही नाणी. एका अंगाला राणीचा मुखडा, दुसऱ्या अंगाला एखादी देवी. नाण्याचं नाव डेनारियस. बिल्डिंगमधल्या पोरांना ते जड गेलं, म्हणून त्यांनी काकांचाच दिनार करून टाकला. आता त्यांचं खरं आडनाव फक्त लाइटबिलावर उरलं आहे.

सारी हयात नोटा छापण्यात गेल्यामुळे काकांचा कागदी पैशावर काडीचा विश्वास नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात आणि त्यातल्या बऱ्याच वर्षांचे आपण साक्षीदार आहोत, असं ते एखाद्या गुन्ह्याबद्दल बोलावं तसं बोलतात. "नोट म्हणजे नुसतं वचन हो," ते म्हणतात, "आणि नाणं म्हणजे माल. वचनावर संसार होतो, छंद होत नाही." निवृत्तीनंतर ते छंदाच्या शोधात होते. बोन्साय झालं, बासरी झाली. मग मुलानं पहिल्या सुट्टीत येताना चॉकलेटांऐवजी एक फाउस्टिना आणली, रीतसर पावतीसकट. काका गेले ते गेलेच.

सम्राटांची नाणी ते घेत नाहीत. "बाप्यांची नाणी सगळी सारखी. पुढं दाढी, मागं विजय. हरून आला तरी विजयच. बायकांच्या नाण्यात घर दिसतं." आणि खरी गंमत इथंच आहे. दिनारकाकांना रोमन साम्राज्य हे साम्राज्य वाटतच नाही. त्यांच्या लेखी ती एक भावकी आहे, जरा मोठ्या वाड्यात राहणारी. कोण कुणाची मावशी, कुणी कुणाच्या पोराला गादीवर बसवलं, कुठल्या सुनेला माहेरी पाठवलं, याचा काकांना जेवढा तपशील पाठ आहे तेवढा स्वतःच्या चुलत्यांचाही नाही. यावरून जॉगिंग ट्रॅकवर सुरुवातीला गैरसमजही झाले. "काल आमच्याकडं ज्युलिया आली. सीरियाची आहे. काय केस आहेत!" असं काका मोठ्यानं सांगत असताना मागून चालणाऱ्या दोन बायकांनी वेग कमी केला आणि त्यांच्या नवऱ्यांनी वाढवला.

ही ज्युलिया म्हणजे ज्युलिया डोम्ना, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची बायको, आजच्या होम्स गावची. कॅराकॅला आणि गेटा हे तिचे दोन मुलगे. बाप मेल्यावर दोघांना मिळून राज्य करायला सांगितलं होतं. २११ सालच्या डिसेंबरात थोरल्यानं धाकट्याला आईच्या कुशीत असताना मारवलं. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर दोन सख्खे भाऊ आहेत आणि त्यांच्यात एका पार्किंगवरून कोर्टकज्जा आहे. वार्षिक सभेत तो विषय निघाला तेव्हा दिनारकाका उठले आणि त्यांनी शांतपणे गेटाची हकीकत सांगायला घेतली. आईच्या अंगावर रक्त उडालं इथपर्यंत ते पोचले तेव्हा त्या भावांची आई उठून घरी निघून गेली. पार्किंगचा निकाल अजून लागलेला नाही, पण त्या दिवसापासून दोघे भाऊ गाड्या बाहेर रस्त्यावर लावतात.

लग्नकार्यात तर काकांना बोलवावं की नाही, हाच प्रश्न पडतो. कारण प्लाउटिला. कॅराकॅलाची ही बायको. २०२ साली लग्न झालं, नाणी पाडली. नाण्यावर नवराबायको हातात हात घेऊन उभे आणि भोवती अक्षरं: कायमचा एकोपा. आणखी एका नाण्यावर वंशवृद्धीचा आशीर्वाद. प्रत्यक्षात त्याला ती डोळ्यांसमोर नको असायची. २०५ साली तिच्या बापाला मारलं, तिला हद्दपार केलं, पुढं तिलाही संपवलं. हे सगळं काकांनी एका मंगल कार्यालयात, पंगतीत, नवरदेवाच्या वडिलांना सांगितलं. निमित्त काय, तर पत्रिकेवर छापलेले दोन जुळलेले हात. "अगदी हेच डिझाइन बरं का!" असं म्हणून त्यांनी मोबाइलवर फोटोही दाखवला. काकूंनी पुढच्या बाजूनं आमरसाची वाटी सरकवली, तेव्हा कुठं विषय थांबला.

नाणी बघायला त्यांच्याकडे गेलं की आधी हात धुवायचे. साबणानं. मग पुसायचे. मग जमिनीवर बसायचं, खुर्चीवर नाही, कारण नाणं निसटलं तर ते फरशीवर न पडता गोधडीवर पडलं पाहिजे. गोधडी कायम अंथरलेली. मग काका कपाटातून डबी काढतात, नाणं कडेनं दोन बोटांत धरतात आणि भिंगाखाली देतात. एकदा त्यांनी मला ज्युलिया मेसा दाखवली, डोम्नाची बहीण. तिची करामत अशी की एक नातू २१८ साली गादीवर बसवला. तो निभेना असं दिसल्यावर दुसरा पुढं केला आणि २२२ साली पहिला आपल्या आईसकट मारला गेला. म्हणजे मेसाची लेक आणि नातू दोघे एकाच दिवशी गेले आणि आजी दुसऱ्या नातवाच्या दरबारात ठाण मांडून राहिली. अशा बाईच्या नाण्याची मागची बाजू काकांनी उलटून दाखवली. एक स्त्री आसनावर बसली आहे, डाव्या हातात राजदंड, आणि उजव्या हातानं डोक्यावरचं वस्त्र चेहऱ्याकडे ओढते आहे. चांदी जुनी, राखाडी. पण बोटांची ती पकड इतकी ओळखीची, की वाटावं, दारात सासरे उभे आहेत आणि ही पदर सावरते आहे. ही पुडिकिटिया, म्हणजे शालीनतेची देवी. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. "नातवाला मारवून शालीनता!" ते म्हणाले. "सगळ्या जणींनी छापून घेतली आहे. जिला जे कमी, ते नाण्यावर."

हे मात्र त्यांना सगळ्यांना लागू करता येत नाही आणि त्याचं त्यांना दुःख आहे. थोरल्या फाउस्टिनेपाशी त्यांचा सिद्धान्त अडतो. ती अँटोनायनस पायस या सम्राटाची बायको, राज्य सुरू झाल्यावर दोनेक वर्षांतच वारली. नवऱ्यानं तिला देवी ठरवली, रोमच्या फोरममध्ये देऊळ बांधलं आणि मग मरेपर्यंत, म्हणजे पुढची वीस वर्षं, तिची नाणी पाडत राहिला. देऊळ अजून उभं आहे, आता त्यात चर्च आहे. ही नाणी इतकी मुबलक की आजही परवडतात. "बघा, बायको गेल्यावर वीस वर्षं!" काका गहिवरून म्हणाले. स्वयंपाकघरातून आवाज आला, "तुम्ही आधी गॅसचं कनेक्शन माझ्या नावावर करा. जिवंत आहे तोवर."

तिची लेक धाकटी फाउस्टिना, मार्कस ऑरेलियसची बायको, हिला बाराच्या वर मुलं झाली. एका नाण्यावर राजासनावर दोन तान्ही बाळं ठेवलेली आहेत. १६१ साली झालेल्या जुळ्यांचं हे नाणं. काका त्याला 'जुळ्यांचं बारसं' म्हणतात. त्यातलं एक बाळ पुढं कॉमोडस नावाचा महाभयंकर सम्राट झालं, हे ते बाळंतिणीच्या घरी सांगत नाहीत. एवढं तारतम्य त्यांच्याकडे आहे. म्हणजे, काकूंनी घालून दिलेलं आहे.

सराफ बाजारातला प्रसंग मात्र मी स्वतः बघितला. काकांना डोम्नाचं अचूक वजन हवं होतं. एका पेढीवर गेलो. काट्यावर सव्वातीन ग्रॅमच्या आसपास भरली. सराफानं सवयीनं कसोटीचा दगड पुढं ओढला, तोच काकांनी असा काही हात मध्ये घातला, की दुकानातल्या गिऱ्हाइकांना चोर पकडल्यासारखं वाटलं. मग न घासता मशिनवर तपासायचं ठरलं. सराफानं आकडा बघितला आणि त्याचा चेहरा पडला. चांगला माणूस होता. आवाज खाली आणून म्हणाला, "काका, राग मानू नका. तुम्हाला कुणीतरी गंडवलंय. ही निम्मीच चांदी आहे. पंचावन्न टंचसुद्धा नाही."

काकांनी त्याचे दोन्ही हात धरले. "निम्मीच? नक्की?"

"निम्मीच. वितळवून द्यायची असेल तर घट धरून…"

"अहो, निम्मीच पाहिजे! हिच्या नवऱ्यानंच खोट घातली! फौजेचे पगार वाढवले, चांदी पुरेना, मग निम्मं तांबं! ही शुद्ध निघाली असती तर खोटी ठरली असती!"

सराफानं नाणं परत दिलं, काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. वजनाचे पैसे घेतले नाहीत. उलट नोकराला पाठवून काकांसाठी पाणी मागवलं.

खोटेपणाचा काकांना अनुभव आहे. प्लाउटिला खोटी आहे. एका प्रदर्शनात एका जाणत्या संग्राहकानं तिची कड भिंगातून बघितली आणि सांगितलं की ही ठोकून पाडलेली नाही, ओतीव आहे. कडेला जोड घासल्याची खूण आहे, पृष्ठभागावर हवेचे बारीक बुडबुडे आहेत. बल्गेरियात अशी हुबेहूब नाणी पाडणारे कारागीर आहेत आणि त्यांची नाणी जगभर फिरतात. आम्हाला वाटलं, काका आता तिला डबीतून काढून टाकतील. काकांनी विचार केला तो पाच मिनिटं. "नवरा खोटा, लग्न खोटं, एकोपा खोटा. मग नाणं तेवढं खरं कशाला हवं?" प्लाउटिला आपल्या जागी कायम आहे.

काकांचं वैर एकाच माणसाशी आहे आणि तो माणूस एकोणीसशे वर्षांपूर्वी वारला. नहपान, क्षहरात क्षत्रप. वडाळा-पाथर्डी रस्त्यानं पाथर्डी फाटा गाठला की वर पांडवलेणी, म्हणजे नहपान काकांचा शेजारीच. त्याचं असं झालं. टायबेरियस सम्राटाच्या डेनारियसवर मागच्या बाजूला हातात फांदी घेऊन बसलेली एक स्त्री असते. बहुतेक जण तिला त्याची आई लिव्हिया मानतात. (हा टायबेरियस आईच्या अंत्यविधीला आला नाही आणि तिला देवी करायलाही त्यानं नकार दिला. ते काम पुढं क्लॉडियसनं केलं. पण नाण्यावर आई! काका यावर पाऊण तास बोलू शकतात.) ही लिव्हिया भारतात पोत्यानं आली. दक्षिणेत, आंध्रात, कोइमतूरकडे ऑगस्टस आणि टायबेरियसच्या चांदीचे साठेच्या साठे निघाले. आपल्या लोकांना टंच कळत होतं. ६४ साली नीरोनं चांदी कमी केली, त्यानंतरचा माल त्यांनी फारसा उचलला नाही. रोमचा लेखक प्लिनी तर रडतच होता, की भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. पण महाराष्ट्रात? पैठण, तेर, जुन्नर, सगळी व्यापाराची गावं, भडोचला रोमन नाणी उतरत होती, बदलून देणारे नफा कमावत होते. तरी आपल्याकडे रोमन चांदी हाताच्या बोटांवर. का? काही अभ्यासकांचा तर्क असा, की पश्चिम क्षत्रपांनी ती वितळवून स्वतःची नाणी पाडली.

तर्क अभ्यासकांचा. काकांनी मात्र एफआयआर नोंदवून टाकला. "माझी लिव्हिया वितळवली त्यानं! हजारो लिव्हिया!"

१९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० च्या वर नाणी. त्यातल्या दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा ठोकलेला. नहपानाच्या मुखड्यावर चैत्याचा डोंगर, मागं उज्जैनी चिन्ह. काकांना हा इतिहास नाही, न्याय वाटतो. "थोबाडावर शिक्का मारला! आणि मारला कोणी? जो आईचं नाव आधी लावतो त्यानं!" अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, १९८० साली सुरू झालेली. ती उभी करणाऱ्या परमेश्वरीलाल गुप्तांनी १९६५ मध्ये आंध्रातल्या रोमन नाण्यांवर पुस्तक लिहिलं होतं. तिथल्या संग्रहालयात गेलं की काका नहपानासमोर बराच वेळ उभे राहतात. बघणाऱ्याला वाटतं, अभ्यास चालला आहे.

पांडवलेण्यावर तर ते उघड बहिष्कार पाळतात. पायऱ्या चढून तिसऱ्या लेण्यात जायचं, गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख बघायचा, नातवाच्या राज्यात आजीनं मुलाचे गुण कोरून ठेवलेत म्हणून हात जोडायचे आणि दहाव्या लेण्यावरून मान वळवून पुढं निघायचं. दहावं लेणं नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. गेल्या दिवाळीनंतर काकू पहिल्यांदाच बरोबर आल्या. त्यांना गुडघ्याचा त्रास, त्यामुळे त्या दहाव्या लेण्याच्या ओसरीतच बसल्या. काकांना थांबणं भाग पडलं. काकूंनी भिंतीकडे बोट केलं आणि विचारलं, "काय लिहिलंय?"

काकांनी तोंड वाकडं करून सांगितलं. जावयानं गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजानं. व्याजातून भिक्षूंना वस्त्रं.

काकू सरळ बसल्या. "म्हणजे वर्षाला बारा टक्के?"

"हो."

"आता सात मिळत नाहीत."

मग त्यांनी दुसरा लेख विचारला. तो नहपानाच्या मुलीचा, दक्षमित्रेचा. तिनं एक खोली दान दिली.

"पैसा कुणाचा? बापाचा की नवऱ्याचा?"

काकांनी पुन्हा बघितलं. "ते लिहिलेलं नाही."

"नवऱ्याचा असता तर त्यानं लिहायचं सोडलं असतं होय?" काकू म्हणाल्या. काकांना उत्तर सुचलं नाही. उतरताना ते गप्प होते.

याचा परिणाम काय झाला ते कळायला त्याआधीची दिवाळी सांगायला हवी. त्या लक्ष्मीपूजनाला काकूंनी ताम्हनात आपले आईकडचे राणीछाप रुपये मांडले आणि त्यांच्या शेजारी, काका अंघोळीला गेलेले बघून, थोरली फाउस्टिना. मागच्या बाजूला कणसं हातात घेतलेली सेरेस आहे, म्हणजे धान्याची देवी, मग पूजेत का नको? हळद, कुंकू, अक्षता, वर पंचामृताचा थेंब. काका ओल्या अंगानं धावत आले. अठराशे वर्षांची झळाळी, असं काहीसं ओरडले. काकूंनी शांतपणे फाउस्टिना पुसून हातात दिली. "माझी व्हिक्टोरियासुद्धा सम्राज्ञीच आहे," त्या म्हणाल्या. १८७७ पासूनच्या रुपयांवर तसं छापलेलंच आहे. "आणि वजन? तुमच्या सातही जणी एका पारड्यात घाला. माझ्या दोन रुपयांएवढ्या भरणार नाहीत." काकांनी पडताळा पाहिला. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅम, ब्याण्णव टंच. भरत नव्हत्या.

तर पांडवलेण्यावरून आल्यावर पंधरा दिवसांनी काकूंनी म्युनिकला व्हिडिओ कॉल लावला. काका भाजी आणायला गेले होते. एफडीच्या व्याजाचा हिशोब सांगून त्यांनी मुलाला विचारलं, नवऱ्याबरोबर लांब फिरायला गेलेली एखादी आहे का त्यांच्यात? मुलानं शोधून सांगितलं: सबिना, हेड्रियनची बायको. दोघांचं फारसं पटत नव्हतं, मूलबाळ नाही, पण १३० साली ती त्याच्याबरोबर इजिप्तला गेली होती. नाईलकाठी पहाटे आवाज करणारा दगडी पुतळा ऐकला, आणि बरोबरच्या मैत्रिणीनं त्यावरच्या कविता पुतळ्याच्या पायावर कोरून ठेवल्या.

"मैत्रीणसुद्धा नेली होती?" काकू म्हणाल्या. "हीच पाठव."

सबिना उन्हाळ्यात आली. ती डबीत नाही, गोधडीवर नाही, काकांच्या वहीत तिची नोंद नाही. ती काकूंच्या स्टीलच्या डब्यात राणीछापांबरोबर असते आणि डबा कुठं असतो ते काकांना माहीत नाही. परवा काका भिंग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मागच्या बाजूला कॉनकॉर्डिया, म्हणजे एकोप्याची देवी, उभी आहे की बसलेली, एवढंच बघायचं होतं म्हणे.

"हात धुतले?" काकूंनी विचारलं.

"धुतले."

"साबणानं?"

काका परत बेसिनकडे गेले.